दफ्तर, फीत आणि रेणू : नोंदी टिकवण्याचा इतिहास



आपल्या घरातील मूल रोज सकाळी पाठीवर जे ओझे घेऊन शाळेत जाते, त्याला आपण मराठीत 'दप्तर' म्हणतो. शब्द मूळचा फारसी, 'दफ्तर'. राज्यकारभाराच्या वह्या, हिशेब आणि पत्रे जेथे राखून ठेवली जात, ते दफ्तर. कागद, कलम, शाई, दौत, तारीख, अस्सल, नक्कल, रुमाल, फडणीस हे शब्दही फारसी-अरबीच्या शेजारातून मराठीत आले आणि इतके मुरले, की ते परके आहेत असे आज कोणालाही वाटत नाही. लिहून ठेवण्याच्या व्यवहारात आपल्या पूर्वजांचा किती मोठा वाटा होता, याची साक्ष मराठी भाषाच अशी देत असते.

परंतु लिहून ठेवणे आणि लिहिलेले टिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दगड, ताम्रपट, ताडपत्र, कागद, फिल्म, चुंबकीय फीत अशी साधने माणसाने एकामागून एक शोधली. अलीकडे शास्त्रज्ञांनी या मालिकेत एक नवीनच साधन आणले आहे. ते म्हणजे प्रयोगशाळेत कृत्रिम रीतीने घडवलेला डी.एन.ए. रेणू. संगणकातील मजकूर या रेणूत लिहून हजारो वर्षे जतन करता येईल, असे प्रयोगांनी दिसून आले आहे. ही नवलकथा समजून घ्यायची तर तिची सुरुवात परदेशातील प्रयोगशाळेपासून न करता आपल्या पुण्यातील दफ्तरापासून करावी, असे वाटते. कारण या नव्या साधनापुढील खरे प्रश्न पुण्याने फार पूर्वीच अनुभवलेले आहेत.

जुन्नरचा कागद, पुण्याचे दफ्तर

पेशवाईतील कारभाराला कागद लागे, आणि तो मोठ्या प्रमाणावर जुन्नर व दौलताबाद या परिसरात हाताने बनवला जात असे. हा व्यवसाय करणारी 'कागदी' घराणी मुसलमान होती. दौलताबादेजवळचे कागजीपुरा हे गाव आणि आपल्या कसबा पेठेतील कागदीपुरा ही वस्ती, या दोन्ही नावांत त्या कारागिरांची आठवण शिल्लक आहे. चिंध्या व जुने दोर कुजवायचे, कुटायचे, लगदा पाण्यात कालवून चाळणीवर घ्यायचा, ताव वाळवायचा आणि शेवटी गुळगुळीत दगडाने घोटायचा, असे ते कष्टाचे काम होते. या हातकागदात पुढच्या काळातील गिरणीच्या स्वस्त कागदासारखे आम्ल नसे. म्हणूनच दोनअडीचशे वर्षांपूर्वीचा ताव आजही उलगडता येतो, आणि पन्नास वर्षांपूर्वीचे वर्तमानपत्र मात्र हातात तुटते.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि हे सारे कागद इंग्रजांच्या ताब्यात गेले. इंग्रजांनी ते फेकून दिले नाहीत, कारण इनामे, वतने आणि जमिनींचे हक्क ठरवण्यासाठी त्यांना त्यांची गरज होती. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस त्यांच्यासाठी कौन्सिल हॉलच्या परिसरात भक्कम दगडी इमारत उभी राहिली. तेच आजचे पुणे पुराभिलेखागार. रुमालात बांधलेले, प्रामुख्याने मोडी लिपीतील कोट्यवधी कागद तेथे आहेत.

वाचकहो, येथे पहिला धडा मिळतो. कागद टिकले ते चांगल्या प्रतीचे होते म्हणून, हे खरे आहे. तथापि तेवढ्याने ते टिकले नसते. त्यांची कोणाला तरी गरज होती आणि कोणी तरी त्यांच्यासाठी छप्पर बांधले, म्हणून ते टिकले. ज्या कागदांना असा धनी लाभला नाही ते वाळवीने खाल्ले किंवा रद्दीत गेले. ही हानी पाहूनच इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून कागद गोळा करीत राहिले, आणि १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली.

कागद आहे, वाचक नाही

दुसरा धडा अधिक कठीण आहे. पेशवे दफ्तर दीर्घकाळ संशोधकांना खुले नव्हते. पुढे गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड प्रसिद्ध झाले. हे कार्य डोंगराएवढे होते, पण दफ्तराच्या मानाने तो एक अंशच. उरलेले कागद आजही आहेत, धडधाकट आहेत; परंतु विसाव्या शतकाच्या मध्यास मोडी लिपी शाळांतून व कचेऱ्यांतून हद्दपार झाली आणि ते वाचणारे विरळ झाले. खापरपणजोबांच्या हातचे पत्र समोर असावे, मराठीतच असावे, आणि पणतवाला त्यातील एक अक्षर लागू नये, अशी ही अवस्था आहे.

फारसी कागदांचेही तेच झाले. भारत इतिहास संशोधक मंडळाचे ग. ह. खरे यांनी फारसीचा अभ्यास केला आणि १९३४ पासून ऐतिहासिक फारसी कागदपत्रांचे खंड संपादून मराठी वाचकांपुढे ठेवले. ही विद्या कोण्या एका समाजाची मिरास नाही, जो शिकेल त्याची ती आहे, हे त्यांच्या उदाहरणावरून दिसते. साधन टिकले तरी लिपीची किल्ली हरवली, तर दफ्तर मुके होते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, पुढे डी.एन.ए.च्या संदर्भात तिची गरज पडणार आहे.

जळालेले आणि वाहून गेलेले

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेच्या पुराने नदीकाठच्या पेठांत हाहाकार उडवला. माणसे गेली, घरे गेली. त्यांबरोबर घरांतील दस्तऐवज, दाखले, खरेदीखते आणि छायाचित्रेही चिखलात गेली. सरकारी दफ्तरात प्रत असलेल्या कागदाची नक्कल पुन्हा मिळवता आली. ज्याची एकच प्रत होती, ते कायमचे गेले.

चित्रपटांचे उदाहरण याहून बोलके आहे. भारतातील पहिला बोलपट 'आलम आरा' १९३१ साली पडद्यावर आला. अर्देशीर इराणी त्याचे दिग्दर्शक, मास्टर विठ्ठल व जुबेदा त्यातील प्रमुख कलाकार, आणि वझीर मोहम्मद खान यांनी त्यात गायिलेले गीत हे हिंदी चित्रपटातील पहिले गीत मानले जाते. आज या बोलपटाची एकही प्रत उपलब्ध नाही. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली पुण्यात स्थापन झाले, तोवर वेळ निघून गेली होती. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे, आणि नायट्रेट अत्यंत ज्वालाग्राही. २००३ च्या जानेवारीत पुण्यातच नायट्रेट फिल्मच्या साठ्याला आग लागली आणि जुन्या चित्रपटांची असंख्य रिळे भस्मसात झाली. म्हणजे संग्रहालयाच्या शहरातही साधनाने दगा दिला. यावरून तिसरा धडा असा, की एकाच ठिकाणी असलेली एकच प्रत म्हणजे नसल्यासारखीच.

संगणकाची 'मोडी'

संगणक आला तेव्हा अनेकांना वाटले, की आता चिंता मिटली. वाळवी नाही, पूर नाही, एका बटनाने हजार नकला. परंतु हा भरवसा फार दिवस टिकला नाही. इंग्लंडमध्ये १०८६ साली राजा विल्यमने केलेली जमिनींची पाहणी 'डूम्सडे बुक' या नावाने प्रसिद्ध आहे. तिला नऊशे वर्षे झाली म्हणून १९८६ साली बी.बी.सी.ने नव्या इंग्लंडची तशीच पाहणी करून ती लेसर तबकडीवर साठवली. पंधरा-सोळा वर्षांतच ती तबकडी वाचणारी यंत्रे दुर्मिळ झाली आणि तज्ज्ञांना मोठे परिश्रम करून मजकूर सोडवावा लागला. नऊशे वर्षांपूर्वीचे चर्मपत्र मात्र जसेच्या तसे वाचता येत होते!

लांब कशाला जा? १९९० च्या दशकात श्रीलिपी, आकृती अशा अक्षरसंचांत टंकलेला मराठी मजकूर आज साध्या संगणकावर उघडून पाहावा. मूळ अक्षरसंच नसेल तर पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. १९९४ साली आलेल्या इनपेज या प्रणालीत लिहिलेल्या उर्दू मजकुराचीही तीच कथा आहे. कित्येक संस्थांच्या जुन्या स्मरणिका, इतिवृत्ते आणि याद्या अशा कुलूपबंद अवस्थेत पडून आहेत. तीस वर्षांतच आपण नवी मोडी निर्माण केली! यावर उपाय म्हणून युनिकोड ही जागतिक संकेतावली आली. पुण्यातच १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅक या संस्थेने भारतीय भाषा संगणकावर आणण्याचे काम केले. पुढे डिजिटल अभिलेखांच्या दीर्घकालीन जतनासाठी तेथे एक केंद्रही उभे राहिले.

तरीही साधनाचा प्रश्न उरतोच. हार्ड डिस्क काही वर्षांत निकामी होते. चुंबकीय फितीचे आयुष्य साधारणपणे तीस वर्षे धरतात. म्हणजे प्रत्येक पिढीने सारा मजकूर नव्या फितीवर उतरवून घ्यायचा, आणि मजकूर तर दरवर्षी डोंगरासारखा वाढतो आहे. ज्या साधनाला वारंवार नक्कल लागणार नाही, जागा लागणार नाही आणि वीज लागणार नाही, असे काही आहे काय? या प्रश्नाच्या शोधात शास्त्रज्ञ डी.एन.ए.कडे वळले.

पटवाऱ्याचा मुलगा

डी.एन.ए. हा सजीवांच्या पेशींतील लांब धाग्यासारखा रेणू. त्याची रचना १९५३ साली वॉटसन व क्रिक यांनी उलगडली. त्यावर अॅडेनिन, सायटोसिन, ग्वानिन आणि थायमिन या चार घटकांची माळ असते. त्यांना थोडक्यात ए, सी, जी, टी म्हणतात. डोळ्यांचा रंग असो वा झाडाचे पान, त्याची कृती या चार अक्षरांत लिहिलेली असते.

ही चार अक्षरे वाचणे एक, आणि ती आपल्या मनाप्रमाणे जुळवणे वेगळे. या दुसऱ्या कामात ज्याने पहिली मोठी मजल मारली तो शास्त्रज्ञ आपल्याच उपखंडातील होता. हरगोविंद खुराना यांचा जन्म पंजाबातील रायपूर या खेड्यात झाला. हे खेडे आता पाकिस्तानात आहे. वस्ती शंभरेक माणसांची. वडील गावचे पटवारी, म्हणजे आपल्याकडील तलाठ्यासारखे, जमिनीच्या नोंदी ठेवणारे. गावात लिहिता-वाचता येणारे कुटुंब जवळजवळ हे एकच. पहिली चार वर्षे शाळा झाडाखाली भरे. घरची गरिबी असूनही वडिलांनी मुलांच्या शिक्षणाचा ध्यास सोडला नाही. पुढे मुलतानची शाळा, लाहोरचे विद्यापीठ आणि १९४५ साली सरकारी शिष्यवृत्तीवर इंग्लंड, अशी वाट चालत हा मुलगा १९६८ साली नोबेल पारितोषिकाचा मानकरी झाला. आणि योगायोग पाहा : गावाच्या नोंदी ठेवणाऱ्या या घरात जन्मलेल्या मुलाची खरी जन्मतारीख कोणालाच ठाऊक नाही. कागदोपत्री आहे ती ९ जानेवारी १९२२!

१९७० साली खुराना आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ७७ जोड्यांचे एक संपूर्ण जनुक रसायनांपासून घडवल्याचे जाहीर केले. एकेक अक्षर जोडत जाण्याचे ते अत्यंत चिकाटीचे काम होते. १९८० च्या दशकाच्या आरंभी खुराना यांच्याच हाताखाली पूर्वी काम केलेल्या मार्विन कॅरुथर्स यांनी ही कृती सोपी व जलद केली, आणि यंत्राने डी.एन.ए. लिहिणे शक्य झाले. जमिनीच्या नोंदी ठेवणाऱ्याच्या मुलाने मानवजातीला नोंदी ठेवण्याची नवी लेखणी मिळवून दिली, असे म्हटले तर ते चूक ठरू नये.

रेणूत लिहितात कसे?

विद्यार्थी मित्रांनो, ही रीत वहीवर करून पाहण्याइतकी सोपी आहे. संगणक कोणताही मजकूर शून्य आणि एक या दोनच आकड्यांत साठवतो. युनिकोडमध्ये 'म' या अक्षराचा क्रमांक २३५० आहे. सोळा घरांत तो असा लिहिला जातो : ००००१००१००१०१११०. आता दोन-दोन आकड्यांच्या जोड्या पाडा आणि ठरवा, की ०० म्हणजे ए, ०१ म्हणजे सी, १० म्हणजे जी आणि ११ म्हणजे टी. मग आपला 'म' असा होतो : ए ए जी सी ए जी टी जी. या क्रमाने घटक जोडले, की 'म' रेणूत लिहिला गेला! प्रत्यक्षात शास्त्रज्ञ याहून काटेकोर संकेत वापरतात. एकच अक्षर लागोपाठ अनेकदा आले तर यंत्राचा वाचताना गोंधळ होतो, म्हणून ते टाळतात आणि चुका दुरुस्त करता याव्यात यासाठी जादा खुणा घालतात.

फार लांब धागा रसायनाने बिनचूक घडवता येत नाही. म्हणून मजकूर शेदीडशे अक्षरांच्या तुकड्यांत पाडतात आणि प्रत्येक तुकड्यावर त्याचा अनुक्रम घालतात. रुमालातील सुट्या तावांवर क्रमांक घालावेत तसेच हे. वाचताना सर्व तुकडे यंत्रातून वाचून क्रमाने लावले, की मजकूर परत मिळतो. नकला काढण्याचीही सोय आहे. १९८३ साली शोधलेल्या एका क्रियेने डी.एन.ए.च्या एका प्रतीपासून काही तासांत कोट्यवधी प्रती होतात.

काही पालकांच्या मनात शंका येईल, की हे सजीवांशी खेळणे तर नव्हे? तसे नाही. येथे पेशी नसते, प्राणी नसतो. वाळवून ठेवलेला तो रसायनाचा एक सूक्ष्म थर असतो. तो वाढत नाही, पसरत नाही, जगत नाही.

प्रयोगांची दहा वर्षे

२०१२ साली अमेरिकेतील हार्वर्डचे जॉर्ज चर्च व त्यांचे सहकारी यांनी एक संपूर्ण पुस्तक, ११ चित्रांसह, डी.एन.ए.मध्ये लिहिले. त्यासाठी १५९ अक्षरांचे ५४,८९८ तुकडे लागले. पुढच्याच वर्षी इंग्लंडमधील निक गोल्डमन यांच्या गटाने शेक्सपिअरची १५४ सुनीते आणि मार्टिन ल्यूथर किंग यांच्या भाषणाचा काही भाग रेणूत साठवून परत वाचला. २०१७ साली एका ग्रॅम डी.एन.ए.मध्ये २१५ पेटाबाईट, म्हणजे साडेएकवीस कोटी गिगाबाईट मजकूर मावेल अशी रीत दाखवण्यात आली. जागेचा प्रश्नच उरला नाही!

टिकाऊपणाचा प्रयोग झाला तो २०१५ साली स्वित्झर्लंडमध्ये. झुरिकच्या रॉबर्ट ग्रास यांच्या गटाने १२९१ सालची स्विस सनद आणि आर्किमिडीजचा एक ग्रंथ डी.एन.ए.मध्ये लिहून तो काचेच्या अतिसूक्ष्म कणांत बंद केला आणि आठवडाभर साठ ते सत्तर अंश उष्णतेत ठेवला. त्यातून निघालेला हिशेब असा, की मध्य युरोपच्या थंड हवेत हा मजकूर सुमारे दोन हजार वर्षे वाचता येईल. २०२१ च्या नोव्हेंबरात फ्रान्सच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १७८९ चा मानवी हक्कांचा जाहीरनामा आणि १७९१ चा स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा डी.एन.ए.च्या रूपात आपल्या संग्रहात दाखल करून घेतला. प्रयोगशाळेतील हे नवल अशा रीतीने दफ्तरात येऊन बसले.

उणीवाही सांगितल्या पाहिजेत. २०१७ च्या त्या प्रयोगात केवळ दोन मेगाबाईट, म्हणजे मोबाईलवरील एखाद्या छायाचित्राइतका मजकूर लिहिण्यास सात हजार डॉलर आणि वाचण्यास दोन हजार डॉलर खर्च आला. २०१९ साली मायक्रोसॉफ्ट व वॉशिंग्टन विद्यापीठ यांनी लिहिणे-वाचणे आपोआप करणारे यंत्र दाखवले. त्याला 'हेलो' हा पाच अक्षरांचा शब्द लिहून परत वाचण्यास २१ तास लागले. रोजच्या कामाचे हे साधन नव्हे. एकदा लिहून शतकानुशतके कुलपात ठेवावयाच्या अभिलेखांसाठीच ते आहे.

राखीगढीचा धडा

डी.एन.ए. किती टिकतो, याचे उत्तर निसर्गाने अगोदरच दिले आहे, आणि त्यातील एक पान पुण्याच्या डेक्कन कॉलेजने उघडले. हरियाणातील राखीगढी हे सिंधू संस्कृतीचे मोठे नगर. तेथे डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी वसंत शिंदे यांच्या नेतृत्वाखाली उत्खनन केले. सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या दफनभूमीतील सांगाड्यांपासून डी.एन.ए. मिळवण्याचा प्रयत्न झाला. ६१ नमुने तपासले. त्यांपैकी एकाच स्त्रीच्या अस्थीतून वाचता येण्याजोगा मजकूर निघाला. २०१९ साली तो प्रसिद्ध झाला आणि जगभर गाजला.

या घटनेला दोन बाजू आहेत. साडेचार हजार वर्षांनीही रेणू बोलला, ही एक. साठ नमुने मुके राहिले, ही दुसरी. ग्रीनलंडच्या गोठलेल्या मातीत वीस लाख वर्षांपूर्वीचा डी.एन.ए. सापडल्याचे २०२२ साली जाहीर झाले, आणि आपल्या उष्ण, दमट भूमीत काही हजार वर्षांतच तो विरतो. म्हणून डी.एन.ए. अमर आहे, असे समजू नये. त्याला थंडावा, कोरडेपणा आणि काचेसारखे कवच लागते. वाळवी जाईल, पण राखणदार लागेलच.

मग लिपीच्या किल्लीचे काय? येथे डी.एन.ए.ची एक जमेची बाजू आहे. लेसर तबकडी वाचणारे यंत्र कालबाह्य झाले, तसे डी.एन.ए. वाचणारे यंत्र सहसा होणार नाही, कारण रोगनिदानासाठी माणसाला ते सतत लागणार. २०२० साली भारतातील पहिल्या करोना रुग्णांकडून मिळालेल्या विषाणूची जनुकीय लिपी आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेनेच वाचली होती. परंतु अक्षरे वाचता आली म्हणजे अर्थ कळला, असे नव्हे. कोणत्या अक्षराचा अर्थ शून्य आणि कोणत्याचा एक, तुकड्यांचा क्रम कसा लावायचा, त्यातून निघणारा मजकूर कोणत्या भाषेत आहे, हे सांगणारा साधा लेख सोबत ठेवला नाही, तर भावी पिढीच्या हाती पुन्हा एकदा रुमालात बांधलेली मोडीच पडेल.

आपल्या दारी

पालकहो, हा सारा प्रपंच कशासाठी मांडला? कारण नोंद हरवल्याची किंमत आपल्यापैकी अनेकांनी मोजली आहे. इतर मागासवर्गाचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा मागितला जातो. अत्तार, बागवान, तांबोळी, पिंजारी, मोमीन अशा घरांतील मुलगा किंवा मुलगी अभियांत्रिकीच्या दारात उभी राहते, आणि आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरातील एका ओळीसाठी बाप गावोगाव फिरतो. रजिस्टर सापडते तर पान फाटलेले असते. पान सापडते तर जातीच्या रकान्यात नुसते 'मुसलमान' लिहिलेले असते. कधी नोंद उर्दूत असते आणि कचेरीत ती वाचणारा नसतो. २०२३ साली मराठवाड्यात जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची अशीच गरज पडली. एका ओळीवर एका पिढीचे शिक्षण अडते, ही अतिशयोक्ती नव्हे.

डी.एन.ए.चे साधन पुढे स्वस्त होईल, सरकारी अभिलेखागारेही ते कदाचित स्वीकारतील. पण जे मुळात लिहिले गेले नाही, किंवा लिहिलेले तोवर कुजून गेले, ते कोणताही रेणू परत आणू शकणार नाही. म्हणून वाट पाहत बसण्याचे कारण नाही. पुण्याच्या इतिहासाने शिकवलेले तीन धडे आजच अंमलात आणता येतील.

पहिला, राखण. जुने दाखले, निकाहनामे, खरेदीखते, शाळेची रजिस्टरे कोरड्या जागी ठेवावीत; प्लास्टिकचे आवरण चिकटवून घेऊ नये. दुसरा, नक्कल. प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची स्वच्छ प्रतिमा काढून ती निदान दोन वेगळ्या ठिकाणी ठेवावी, आणि दर काही वर्षांनी उघडून पाहावी. नवीन मजकूर, मराठी असो वा उर्दू, युनिकोडमध्येच टंकावा. तिसरा आणि सर्वांत मोठा, किल्ली. छायाचित्राच्या मागे नावे, गाव व साल पेन्सिलीने हलक्या हाताने लिहून ठेवावे. घरातील वडीलधारे आहेत तोवर त्यांना विचारून घ्यावे. आणि घरातल्या एका तरी मुलाला जुने अक्षर वाचायला शिकवावे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी जीवशास्त्र व रसायनशास्त्र शिकून उद्या डी.एन.ए.मध्ये लिहिणारे यंत्र स्वस्त करील. कोणी संगणकशास्त्र शिकून त्यासाठी बिनचूक संकेत तयार करील. पण कोणी तरी मोडी, उर्दू आणि फारसीही शिकले पाहिजे. पुण्यात मोडीचे वर्ग भरतात, कोट्यवधी कागद वाचकाची वाट पाहत आहेत, आणि त्यांत तुमच्या-आमच्या पूर्वजांची नावे आहेत. जुन्नरच्या कागद्याने ताव घोटला, कारकुनाने त्यावर लिहिले, दोन शतके कोणी तरी तो जपला. आता तो वाचण्याची पाळी तुमची आहे. साधने बदलत जातील, कागदाची फीत होईल आणि फितीचा रेणू होईल. परंतु वाचणारा माणूस शाळेतच घडावा लागतो. तुमच्या पाठीवरील दप्तराचे खरे काम तेच आहे.